शनी पालटेपर्यंत

ज्योतिषीबुवांनी यंत्रावर हनुवटी टेकवली. डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळ्यांतला दाब पुन्हा मोजला. एका डोळ्यात अडतीस, दुसऱ्यात चाळीस. तो एकवीसच्या वर जाऊ नये.

"काचबिंदू आहे. थेंबांनी दाब उतरत नाहीये, ऑपरेशनच करावं लागेल. रास कोणती तुमची?"

"मीन. का हो?"

"मग शनी तुमच्याच राशीत बसलाय. तो पुढे सरकेपर्यंत अंगाला शस्त्र लावू नये म्हणतात. थांबू या दोनेक वर्षं."

बुवा हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनीही हसणं आवरलं.

"काय डॉक्टर, गरिबाची थट्टा करता. तोवर डोळे राहतील का?"

"नाही. यात गेलेली नजर परत येत नाही."

"अहो, मग शनीचं काय घेऊन बसलात? त्याचा आणि डोळ्यांचा काय संबंध? लोकांना सांगायला ठीक आहे ते. तुम्ही उद्याच उरका."

"उद्या फक्त राहुकाळात वेळ आहे."

"चालेल."

"नक्की? ग्रहांचा काही संबंध नाही?"

"काडीचाही नाही."

बाईंनी चिठ्ठीवर उद्याची वेळ लिहून दिली. मग उठून मधला पडदा सरकवला. पलीकडे खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ काळा चष्मा लावून, गुडघ्यांत पांढरी काठी धरून बसले होते.

"बाबा, तुम्हाला अडीच वर्षं थांबायला सांगणारे ते हेच का? आवाजावरून सांगा."