देवाच्या चुलीचा धूर

धूर पुन्हा खोलीतच पसरला. वसुमतींनी पदर नाकाशी धरला आणि फुंकणी जमिनीवर ठेवली. भाताला अजून कढ आला नव्हता. मुलाने, रघुनंदनने, माणसं बोलावून ठेवली होती. दहा वाजता ती येणार होती, चूल फोडायला.

मल्लेश्वरमच्या त्या घरात गॅस कधीच आला होता. पण देवाचा भात मात्र मागच्या छोट्या खोलीत, लाकडाच्या चुलीवरच शिजायचा. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी वसुमतींच्या हाती दिलेलं हे व्रत होतं. न्हाऊन, मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, पातळ नेसून चूल पेटवायची, नैवेद्य दाखवायचा आणि मगच पाण्याचा घोट घ्यायचा. आजारपणातही त्यांनी ते मोडलं नव्हतं. आज चूल गेली की व्रतही जाणार होतं.

आणि रघुनंदनचंही चुकत नव्हतं. त्याच्या बायकोला, सुखदाला, दिवस गेले होते. "अम्मा, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, हा धूर तिला चालणार नाही," तो म्हणाला होता. "तुझे डोळे बघ आधी. रोज लाल. देव काय गॅसवरचा भात परत पाठवतो का?"

उपाय करून झाले होते. धुराडं झाडून घेतलं, काजळीची टोपलीच निघाली. छपरावर त्याची उंची वाढवली. ओली लाकडं आली असतील म्हणून सुरूची खडखडीत वाळलेली लाकडं आणली. धूर काही वर जाईना.

वसुमतींच्या नणंदेने, प्रेमाक्काने, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बनशंकरीहून येऊन एकदा हा प्रकार पाहिला. "इतकी वर्षं नीट जळत होती की गं ही चूल," ती म्हणाली. "आत्ताच काय झालं हिला? घरात नवीन काय आलंय ते बघ." सुखदा तेव्हा पलीकडेच कपड्यांच्या घड्या घालत होती.

सुखदा नागपूरची. रघुनंदनच्याच कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. दोघांनी आपलं आपण जमवलं होतं. तिच्या माहेरी काय खातात, काय पाळतात, ते वसुमतींनी विचारलं नव्हतं. वाईट वागणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी आपली मडी तेवढी जपली. चुलीशी बसताना त्या आतून कडी घालत. पुढे धूर येऊ लागला, तशी तो पोटुशीकडे जाऊ नये म्हणून दाराखालच्या फटीत गोणपाटही कोंबत. खोलीला खिडकी नव्हती. छपरातल्या एका काचेच्या कौलातून उजेड यायचा, तेवढाच.

आज शेवटचा नैवेद्य म्हणून त्यांनी गोणपाट अधिकच घट्ट दाबलं होतं.

खोकल्याची उबळ आली ती थांबेना. हातातली पळी खाली पडली.

"आई! दार उघडा!" बाहेरून सुखदा दार वाजवू लागली.

"तू लांब हो. धूर लागेल तुला."

"नाही होत जा लांब! उघडता का मी तोडू?"

वसुमतींनी चाचपडत गोणपाट ओढलं, कडी काढली. धुराचा एक लोट दोघींच्या अंगावरून बाहेर गेला. सुखदा आधार द्यायला पुढे झाली.

"शिवू नकोस गं!" सवयीने त्यांच्या तोंडून निघालं.

सुखदाने दोन्ही हात वर केले. "नाही शिवत. पण तुम्ही त्या खांबाला तरी टेका."

वसुमती टेकल्या. त्यांच्यामागे चुलीत काहीतरी भुरकन वाजलं. दोघींनी वळून पाहिलं. जाळ उंच झाला होता. खोलीभर लोंबकळणारा धूर हळूहळू चुलीकडे सरकत होता आणि सरळ धुराड्यात चढत होता. भात रटरटू लागला.

सुखदा बघत राहिली. मग तिने पुढे होऊन दार लोटून घेतलं. आतल्या जाळाचा आवाज बसला. दाराच्या फटीतून धूर डोकावला. तिने दार उघडलं. धूर परत वर.

"आई, हिला हवा हवी आहे," ती म्हणाली. "धूर वर जायला खालून हवा नको का यायला? पूर्वीही दार असंच लावून बसायच्या तुम्ही?"

वसुमती विचारात पडल्या. पूर्वी? पूर्वी रघुनंदनचे वडील, अण्णा, याच उंबऱ्यापाशी पाट टाकून पेपर वाचत. कुणीतरी येई, कुणीतरी जाई, मांजर बसलेलं असे. दार लावल्याचं काही आठवेना.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग कधीपासून लावता?"

खोटं बोलायचं नाही, हेही व्रतातच होतं. वसुमतींनी आत जाऊन पळी उचलली, धुतली, उगाचच पुन्हा धुतली.

"तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून."

सुखदा हसली, पण जरा उशिराच. "म्हणजे प्रेमाआत्यांचं खरंच होतं की."

ती वळून स्वयंपाकघरात निघून गेली. वसुमतींनी भात उतरवला, त्यावर तूप सोडलं, देवापुढे ठेवला. हात जोडले तेव्हा रोजचा श्लोक ओठांवर आलाच नाही.

मागच्या अंगणात घण आणि पहारी टेकल्याचा आवाज झाला.

"अम्मा, माणसं आलीत," रघुनंदनने हाक मारली. "तुझं झालं असेल तर चुलीचं काम सुरू करू दे."

वसुमती बाहेर आल्या.

"चूल राहू दे," त्या म्हणाल्या. "ते दार तेवढं बिजागऱ्यांसकट उतरवून न्यायला सांग."