नापास भाग

दुपारी चारला बाबुरावांनी नापास केलेला भाग टीव्हीवर लागला. लावला त्यांनी स्वतःच.

समोर सतरंजीवर त्यांची नात यशोधरा बसली होती. वय साडेचार, मांडीवर मुरमुऱ्यांची वाटी. मागे खाटेवर तिची मावशी शर्मिला. खडकीतल्या त्या क्वार्टरचं दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं होतं. आई आली की तिला दार वाजवावं लागू नये, म्हणून यशू दिवसा कुणाला कडी लावू देत नसे.

आईला, अक्षताला, जाऊन दोन महिने झाले होते. ती दवाखान्यात आहे, बरी होऊन येईल, असं यशूला सांगितलं होतं. सांगणारे बाबुरावच. मग घरात सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडलेला अक्षताचा फोटो तेव्हापासून कपाटावर पालथा होता.

टीव्हीचं खातंही तेव्हापासूनच बाबुरावांकडे आलं. दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची उभी नोकरी तपासणीवर गेली होती. तिथला नियम त्यांनी घरी आणला : शंका आली की नग बाजूला. यशू बालवाडीत गेली की ते चष्मा लावून, आवाज बारीक करून प्रत्येक भाग आधी स्वतः बघत, पार शेवटची नावं सरकून जाईपर्यंत. मारामारी नापास. ओरडणारा बाप नापास. रुग्णवाहिका दिसली की पुढे बघायचंच नाही. बदकाचं पिल्लू हरवतं तो भाग त्यांनी जीव मुठीत धरून पाहिला. पिल्लू आईच्या पंखाखाली पोचलं तेव्हा कुठे पास केला. मुलगा प्रज्ञेश, यशूचा बाप, त्याच कारखान्यात होता. तो एकदा म्हणाला, बाबा, तोफगोळेसुद्धा एवढे तपासले नसतील तुम्ही. बाबुराव हसले नाहीत. गोळ्यातली चूक निदान चाचणीच्या मैदानावर तरी कळते, म्हणाले, हिच्यात राहिली तर कुठे कळणार?

ती चूक आज बालवाडीत कळली. यशूला आणायला शर्मिला गेली होती, तिला तिथल्या बाईंनी थांबवून घेतलं. कुणाची आई काय करते ते मुलं सांगत होती. यशू म्हणाली, माझी आई शेवटी येते. बाईंना काही बोध होईना. तेव्हा तिनंच त्यांना समजावून सांगितलं : सगळे शेवटी येतात ना, आधी कसे येतील?

यशू दुपारी झोपल्यावर शर्मिलाने हे सांगितलं, तेव्हा बाबुरावांनी कुकरखालचा गॅस बंद केला. मग म्हणाले, मी तर तिला एकही वाईट गोष्ट दाखवली नाही.

"तेच तर, काका," शर्मिला म्हणाली. "तुमच्या टीव्हीतून कुणी कायमचं गेलंच नाही. जो गेला तो हिचं दूधबिस्कीट संपायच्या आत परत."

तिनं विचारलं, कुणी परत येत नाही असा एखादा भाग आहे का तुमच्याकडे? एक होता. बदकाच्या पिल्लाच्याच तळ्यावरचा. म्हातारं कासव एक दिवस दिसत नाही, एवढीच गोष्ट. रडारड नाही, आरडाओरडा नाही. बाबुरावांनी तो दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा बाजूला काढला होता. शर्मिला म्हणाली, तो लावा. आणि संपला की तुम्हीच बोला. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ती ते खरं आहे का विचारायला तुमच्याकडेच येणार.

पडद्यावर बदकं आणि बेडूक तळ्याकाठी जमले. कासवाचा दगड रिकामा होता. बदकीण पिल्लांना म्हणाली, कासवआजोबा वारले, आता ते येणार नाहीत. सगळे दगडाला टेकून बसले. तळ्यावरचं ऊन हळूहळू उतरलं आणि नावं सुरू झाली.

यशू मुरमुरे खात होती. नावं संपली, पडदा काळा झाला, तरी ती हलली नाही.

"संपलं, यशू," बाबुराव म्हणाले.

"नाही संपलं. कासव यायचंय."

त्यांनी शर्मिलाकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. गुडघ्यांवर हात रेटत ते खाली, सतरंजीवर, नातीच्या शेजारी टेकले.

"कासव येणार नाही, बाळा. आईपण नाही. आई वारली. येईल म्हणालो होतो मी, पण ते खरं नव्हतं."

यशूने वाटीत बोट फिरवलं.

"शेवटीपण नाही?"

"शेवटीपण नाही."

ती उठली. वाटी टीव्हीखाली ठेवली, आत जाऊन प्लॅस्टिकचं स्टूल ओढत आणलं आणि दाराशी लावलं. बाबुराव उठायला गेले, तर शर्मिलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. यशूने दाराच्या फटीतून जिन्यावर पाहिलं. मग दार ढकलून बंद केलं आणि स्टुलावर चढली. तिचा हात कडीला जेमतेम पोचत होता.

साडेचारला कारखान्याचा सुटीचा भोंगा झाला. प्रज्ञेश आता घरी यायला निघाला असेल. यशूचा हात कडीवर होता. कडी अजून लागली नव्हती.