कलिंगड हातात धरून

"हसव मला," झ्लातका म्हणाली.

अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली ती उभी होती. सहा किलोचं कलिंगड तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. नातीचं वजनही तेवढंच. समोर तिचा नवरा त्सांको मिशी कुरतडत विचार करत होता. सून बिल्याना पायरीवर बसून बघत होती, चार महिन्यांची रादा तिच्या मांडीवर.

त्या घरात नऊ वर्षं झ्लातकाला कुणी मुद्दाम हसवलं नव्हतं. झोपेचा आजार होता तिला. मिरच्या चिरता चिरता भर दुपारी डोळा लागायचा, ते एक वेळ चालायचं. पण खळखळून हसू आलं की अंगातलं बळच जायचं. शुद्ध असायची, सगळं ऐकू यायचं आणि गुडघे मेणासारखे वाकून ती खाली. मुलाच्या लग्नात ती अशीच केकवर कोसळली होती. नातीलाही तिने आजवर पलंगावर बसून, चहूबाजूंनी उशा लावूनच घेतलं होतं.

पहिल्या औषधाने नुसतं मळमळलं. दुसऱ्याने दिवसा जाग राहिली, पण गुडघे ऐकेनात. तिसरं सुरू करून सहा आठवडे झाले होते आणि या सहा आठवड्यांत ती एकदाही पडली नव्हती.

"पण हसलीस कुठे?" असं त्सांको सकाळी म्हणाला आणि त्यावरून हे कलिंगड आलं.

त्याने गाढवाची आणि पाद्र्याची गोष्ट सांगितली. कुणीच हसलं नाही.

"बाबा, ही माझ्या आजोबांनाही जुनी वाटली असती," बिल्याना म्हणाली.

"नऊ वर्षांत जीभ गंजली गं पोरी. हसवून हसवूनच पटवली होती हिला."

"बोल लवकर. हात भरून आले माझे," झ्लातका म्हणाली.

त्सांकोने टोपी काढून डोकं खाजवलं.

"एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. प्लॉव्हदिव शहरातल्या त्या पहिल्या डॉक्टरने विचारलं होतं, बाईंना जास्त हसू कशाने येतं? मी म्हटलं, माझ्याने. तो गंभीर चेहऱ्याने कागदावर लिहायला लागला. मी वाकून पाहिलं, तर 'नवऱ्यापासून जपावे.'"

"मग?"

"मग काय! भावाचं छप्पर गळतंय म्हणून चार दिवस गेलो होतो ना? छप्पर ठणठणीत होतं. त्याच्या कोंबड्यांपाशी बसून होतो."

झ्लातकाच्या नाकातून आधी नुसता फुस्स आवाज आला. मग खांदे हलायला लागले. "वेड्या! चार दिवस? कोंबड्यांपाशी?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, श्वास पुरेना. सवयीने त्सांको दोन्ही हात पसरून धावला. तिचे गुडघे थरथरले, ते सगळ्यांना दिसलं.

पण ते वाकले नाहीत. हसू आलं आणि ओसरलं. झ्लातका उभीच होती.

बिल्याना पायऱ्या उतरून आली. एका हाताने तिने सासूकडचं कलिंगड सासऱ्याच्या हातांत सरकवलं आणि झ्लातकाच्या मोकळ्या झालेल्या हातांत रादाला ठेवलं. पोरीने आजीची हनुवटी पकडली आणि हुंकार दिला. झ्लातका पुन्हा हसली, या वेळी जपून.

बिल्यानाचे तळवे बाळाखाली वीतभर अंतरावर तसेच पसरलेले होते. बराच वेळ. मग तिने ते काढून घेतले आणि त्याच तळव्यांनी डोळे चोळले.

"आई, मी जरा आत जाऊन झोपू? चार महिने धड झोप नाही."

"जा. हवं तेवढं झोप," झ्लातका म्हणाली. "मी जागी आहे."