तिसरी चकती

दोरी दुसऱ्यांदा ताणली, तरी दोन बोटं कमीच.

मिस्त्रीने पुतणीला दोरीचं टोक घट्ट धरायला सांगितलं. सांगाड्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक माप. पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत दुसरं. दोन्ही सारखी भरली तर गाडी सरळ. इथे डावा कोपरा मागे सरकला होता.

"काय म्हणतेय बाबांची लाडकी?" पुतणीने विचारलं.

"वाकडी आहे. तुझ्या बापासारखी."

ती हसली नाही. बाप जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्याला पोचवायलाही हा सख्खा धाकटा भाऊ आला नव्हता. तरी ताडपत्रीखाली बारा वर्षं पडलेली गाडी ती त्याच्याच दारात घेऊन आली होती. "बाबा सांगून गेलेत, ही गाडी काकाकडे तेवढी नेऊ नकोस," तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "पण हिची नस तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?"

"मरतानासुद्धा अढी सुटली नाही म्हणायची," मिस्त्री म्हणाला होता.

बारा वर्षांपूर्वी याच गाडीतून दादा मिस्त्रीच्या बायकोला माहेराहून घेऊन येत होता. भर दुपार, सरळ रस्ता. गाडी डावीकडच्या चरात उलटली. दादा उठला. ती उठली नाही. हॉस्पिटलच्या बाकावर दादा एवढंच म्हणाला, "गाडी डावीकडे ओढत होती रे."

"गाडी ओढत नसते, दादा. हात सुटतो."

धंद्यातला माणूस बोलला, घरादाराने खरं मानलं. पुढे महिन्याभराने दादा ते वाक्य बोलायचाच थांबला. त्याने गुन्हा कबूल केला, असंच सगळ्यांनी धरलं.

मिस्त्री सांगाड्याकडे बघत राहिला. उलटलेल्या गाडीचा टप दबतो, तसा दबलाही होता. पण पुढचा कोपरा मागे जायला समोरून ठोकर लागते.

त्याने डावं दार उघडलं. वरच्या बिजागरीचे बोल्ट जुन्या रंगाखाली गाडलेले होते. पाना लावून सोडवताना घाम फुटला. बिजागरी सुटली आणि मागून पत्र्याच्या तीन चकत्या त्याच्या तळहातावर पडल्या. एकीवर निळं फूल.

बायकोचा सुईदोऱ्याचा डबा. रिळं त्यात, सुया त्यात, तिचं गुणगुणणं त्यात. चकत्यांसाठी त्याचं झाकण कापलं म्हणून दोन दिवस अबोला धरला होता तिने. त्याच महिन्यात दादाने गाडी फाटकाच्या खांबावर ठोकली होती आणि गिऱ्हाइकांच्या घाईत मिस्त्रीने दोरी लावलीच नव्हती. बिजागऱ्यांमागे चकत्या सारल्या, दाराची फट सारखी केली, वरून रंग मारला. "घे दादा, नव्यासारखी." आत सांगाडा वाकडा तो वाकडाच. तीन आठवड्यांनी ती माहेराहून निघाली.

मिस्त्री खालच्या बिजागरीकडे वळला. इथला रंग आधीच कुणीतरी पान्याने सोलवटला होता. बोल्ट बोटांनी फिरले. मागे दोनच चकत्या.

"तीन घातल्या होत्या मी," तो पुटपुटला. "वर तीन, खाली तीन."

पुतणी वाकली. त्याच्या तळहातावरचं निळं फूल तिने बोटाने पुसलं आणि तशीच थांबली.

"अशीच एक फुलाची चकती बाबांच्या पाकिटात होती, काका. शेवटपर्यंत. मी टाकायला निघाले तर हात धरला माझा. म्हणाले, काकाच्या नजरेला पडू देऊ नकोस, तो जगायचा नाही."