पुठ्ठ्यावरचे डाग

"टॉर्च नीट धर. माझ्या डोळ्यांत नको, इंजिनाखाली."

ती गाडीशेजारी उकिडवी बसली आणि टॉर्च खाली केला. नवरा फरशीवर आडवा होऊन बघत होता. गाडीखालच्या पुठ्ठ्यावर एक मोठा काळा डाग पडला होता, आणि त्याच्या डाव्या अंगाला दोन लहान.

"गळतंय," तो म्हणाला. "गॅरेजवाला नको नको म्हणत होता. गाडी जुनी आहे, साधंच ऑइल चालू द्या, सिंथेटिकनं आतला गाळ धुऊन निघेल आणि झिजलेल्या सीलमधून ठिबकायला लागेल. मी हट्टानं बदलून घेतलं. माझंच चुकलं."

माझंच चुकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे शब्द तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. दूध उतू गेलं तर तिचं चुकायचं, भिंतीवरचं घड्याळ मागं पडलं तरी तिचंच. तिला मनातून गुदगुल्या झाल्या.

"मग परत साधं घाला ना."

"बघू. तोवर रोज पुठ्ठा बदलत जा आणि गळती वाढतेय का ते मला सांग. तेवढं तरी जमेल?"

जमलं. सकाळी तो खाली जाऊन गाडी पुसून यायचा, मग ती जाऊन पुठ्ठा काढायची. एक मोठा, डावीकडे दोन लहान. तो डाग तिला इतका पाठ झाला की डोळे मिटून काढून दाखवला असता. नवऱ्याची चूक रोज सकाळी हातात धरायला मिळत होती, तेव्हा त्या कामाचा तिला कंटाळाही येत नव्हता.

शिवाय हे काम फार दिवस करायचं नव्हतं. ती त्याला सोडून चालली होती.

त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, म्हणून तर कुणाला सांगायची सोय नव्हती. तो फक्त विचारायचा. कुठं गेली होतीस, इतका वेळ कसा लागला, कोण भेटलं. त्याच संथ आवाजात पुन्हा पुन्हा विचारायचा, ती न केलेल्या गोष्टीची माफी मागेपर्यंत. हे सगळं एकट्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. धाकटी नर्स होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. तिनं मागची खोली रिकामी करून ठेवली होती. खिडकीला लावायचा निळा पडदा दोघींनी मिळून आणला होता. भाजीच्या पिशवीच्या तळाशी घालून थोडे थोडे कपडे तिकडे पोचत होते.

"कपाट रिकामं रिकामं वाटतंय," नवरा एकदा जेवताना म्हणाला.

"धुवायला दिलेत."

"असं," म्हणून त्यानं वरण वाढून घेतलं. थाप पचली, असं तिला वाटलं.

शेवटची पिशवी घेऊन ती बहिणीकडे गेली, तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. फाटकाच्या आत, दारासमोरच्या फिकट फरशीवर एक मोठा काळा डाग होता. त्याच्या डावीकडे दोन लहान. तिनं वाकून बोट लावलं. बोट काळं झालं. बहिणीकडे गाडी सोडाच, साधी सायकलही नव्हती.

"दुपारी कुणी आलं होतं?" तिनं दारातूनच विचारलं.

"माझ्याकडं कोण येणार?"

"तू होतीस कुठं?"

"घरातच. झोपले होते. रात्रपाळी असते ना ताई, विसरलीस का?"

"म्हणजे घरात होतीस."

"हो. का गं?"

"हे आले नव्हते?"

"भावोजी?" धाकटी हसली. "ते माझ्या दारात थुंकायला तरी येतील का?"

ते हसू नसतं तर कदाचित निभावलं असतं. पण ती हसली, आणि थोरलीच्या तोंडाला खीळ राहिली नाही. स्वतःचा संसार उभा राहिला नाही म्हणून माझ्या संसारात हात घातलास, असं ती म्हणाली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, ती थांबली नाही. आईनं शेवटी तुझं तोंड बघायला नकार दिला तो उगाच नाही, असंही म्हणाली. असं काही झालंच नव्हतं. आई धाकटीला हाका मारत गेली होती, आणि ते फक्त थोरलीनं ऐकलं होतं.

धाकटीनं वाद घातला नाही. आत जाऊन कपड्यांचं गाठोडं आणलं, फरशीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

घरी नवऱ्यानं दार उघडलं. गाठोड्याकडे बघितलं, विचारलं मात्र काहीच नाही.

"चहा टाकतेस?" एवढंच म्हणाला.

तिनंही जाब विचारला नाही. जाब विचारायचा तर निघून जायला जागा हवी, आणि ती उरली नव्हती. धाकटीचा फोन लागेनासा झाला. पुढं कधीतरी ती हिय्या करून गेली, तर घरात दुसरीच माणसं राहत होती. निळा पडदा तेवढा तसाच होता. बाई कुठं गेल्या ते कुणाला माहीत नव्हतं.

गाडीची गळती मात्र थांबली. परत साधं ऑइल घालून घेतलं, असं नवऱ्यानं सांगितलं आणि पुठ्ठा उचलून टाकला.

सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "या खेपेला गाडी तू घेऊन जा. गॅरेजवाल्याला काय विचारायचं ते मोकळेपणानं विचार." इतका मऊ आवाज त्यानं पूर्वी कधी लावला नव्हता.

गॅरेजवाल्यानं गाडी वर चढवली आणि खालून दिवा लावून पाहिलं.

"साधंच ऑइल घाला," ती म्हणाली. "सिंथेटिकनं फार गळत होती."

"सिंथेटिक? या गाडीत ते कधी घातलंच नाही, वहिनी. मी नको म्हटलं, साहेबांनी लगेच ऐकलं. आणि गळती कसली? या, बघा ना, सगळं कोरडं ठणठणीत आहे."

ती पुढं झाली नाही.

"त्या वेळी निघालेलं जुनं ऑइल तेवढं साहेब बाटलीत भरून घेऊन गेले," हात पुसत तो म्हणाला. "घराला वाळवी लागलीय म्हणाले, लाकडाला चोपडायला हवंय. मग, गेली का वाळवी?"