सातवा खड्डा

पालीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, खंडू आंब्याच्या कलमांसाठी खड्डे मारत होता आणि बागेचा मालक हितेश छत्रीखाली खुर्ची टाकून त्याला आफ्रिकेतल्या जुन्या लढाईची गोष्ट सांगत होता. इंग्रजांची पलटण धुक्यात टेकडी चढली आणि हाच माथा समजून चर खणायला लागली. खाली खडक लागला, चर गुडघाभरच झाले. धुकं उठलं तर खरा माथा पुढेच राहिलेला, आणि भोवतीच्या उंचवट्यांवर बोअर, म्हणजे तिथे वसलेले डच वंशाचे शेतकरी, बंदुका रोखून बसलेले. दिवसभर इंग्रज पटापट पडले, मग त्याच चरांत पुरले गेले.

"अगदीच बिनडोक," हितेश हसला.

खंडू बाजूला थुंकला. "हितेशभाऊ, चढायच्या आधी तिथल्या कुणा माणसाला इचारलं नाय त्यांनी?"

"साहेबलोक ते. गड्याला कशाला विचारतील?"

पहार ठण्णकन वाजली. वीतभर खाली पुन्हा कातळच. हा सहावा खड्डा. माती कुठल्या अंगाला आहे ते खंडूला पाठ होतं. तीस वर्षं तो याच सड्यावर खणत आला होता.

हितेशने मोबाईलवरचा नकाशा पाहिला आणि सातव्या जागेकडे बोट केलं.

खंडूने पहार उचलली. "बरं, साहेब."