तीन हजार एकशे अठरा

फेलिशिया लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची साडी नेसून बाहेर आली, तेव्हा नणंद सुझान दारातच हसली.

"वहिनी, गाडी बघायला येतायत. तुला नाही."

"गाडी कधीच बघून झालीय त्यांची. न्यायला येतायत," फेलिशिया म्हणाली आणि पदराला पिन लावली.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. लाल, दोन सीटची, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी. नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, रुडॉल्फने, वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकून ती घेतली होती. आशीर्वादाच्या दिवशी फादरांनी शिंपडलेलं पाणीसुद्धा डाग पडेल म्हणून त्याने लगेच पुसून घेतलं. रविवारी मिस्सा झाली की एकटाच एक फेरी मारून यायचा. शेजारच्या सीटवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच होतं. "चामड्याला सुरकुती पडली की भाव पडतो," म्हणायचा. "विकायच्या आधी एकदा जाऊ आपण आगाशीला. दोघंच."

पाच महिन्यांपूर्वी तो गेला. गाडी आज चालली होती.

जॅक्सन वसईहून लांबलचक ट्रक आणि ट्रकवाला घेऊन आला. अशा गाड्यांची दलाली हाच त्याचा धंदा. त्याने किल्ली फिरवली, मीटर उजळला.

"तीन हजार एकशे अठरा! नऊ वर्षांत! आंटी, अंकल हुशार माणूस. हे मॉडेल आता बंद झालं. घेतली त्याहून जास्तीला चाललीय. एफडीच केली म्हणा ना."

"एफडीचं व्याज तरी तीन महिन्यांनी हातात येतं."

जॅक्सन हसला. मग वाकून आत बघत म्हणाला, "आणि ही सीट! हिच्यावर तर कोणी बसलेलंच नाही. पार्टी खूश होणार."

"नाही," फेलिशिया म्हणाली. "कोणीच नाही."

सुझान उगाच शेडच्या पत्र्याकडे बघू लागली.

"जॅक्सन, आगाशीच्या बाजारापर्यंत चक्कर मारून आण मला. जाऊन येऊन सात किलोमीटर."

त्याचं हसू गेलं. "आंटी, मीटरचा फोटो पार्टीला गेलाय. त्याच आकड्यावर सौदा झालाय."

"तो तरी चालवणार आहे का?"

"कोण, पार्टी? नाही हो. अशा अकरा आहेत त्याच्याकडे. एसीत ठेवतो."

त्याने कॅनडाला ब्रायनला व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या हातात दिला. मुलगा झोपेतून उठलेला दिसत होता.

"मम्मी, इमोशनल होऊ नकोस प्लीज. पप्पांनी इतकी वर्षं जपली. आता शेवटच्या दिवशी कशाला?"

"शेवटच्याच दिवसाचं ठरलं होतं," ती म्हणाली. पण तोवर चित्र गोठलं होतं. तिने फोन जॅक्सनला परत दिला, गाडीचं दार उघडलं आणि साडी सावरत आत बसली. इतकं खाली बसावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. प्लास्टिक करकरलं.

"आंटी, फाटेल ते!"

"नाही फाटत. जपूनच बसलेय."

तिने सीटबेल्ट ओढला. पट्टा एकदम कोरा होता, घडीतून काढल्यासारखा. दोनदा अडकला, मग आला.

ट्रकवाल्याने मागची फळी खाली सोडली, गाडीला हूक लावला आणि थांबला.

"उतरा आंटी. वर चढवायचीय."

"चढव."

"तुमच्यासकट?"

"चाकं रस्त्याला लागणार नाहीत ना? मग मीटर कसा वाढेल? आगाशीच्या बाजारात उतरव मला. रिक्षाने येईन परत."

जॅक्सनने सुझानकडे बघितलं.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "भावाने कधी ऐकलं नाही, ही कशाला ऐकेल?" मग तीच गाडीपाशी आली, वाकली. "सुट्टे आहेत का गं रिक्षाला?" आणि आपली पर्स तिच्या मांडीवर ठेवली.

जॅक्सनने कपाळावर हात मारला आणि किल्ली काढायला आत हात घातला.

"राहू दे ती," फेलिशिया म्हणाली. "आकडा दिसू दे मला."

लोखंडी दोर ताणला गेला. गाडी फळीवरून हळूहळू वर चढली, आत सरळ बसलेल्या फेलिशियासकट. चारी चाकांना पट्टे आवळले. ट्रक फाटकातून बाहेर पडला.

एवढ्या वरून तिने आपला रस्ता कधी बघितला नव्हता. कुंपणांपलीकडची केळी, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, सगळं तिच्या पातळीला आलेलं. स्कूटरवरच्या एकाने थांबून मोबाईल वर धरला. बस स्टॉपवरच्या म्हातारीला काय करावं कळेना, तिने आपली क्रुसाची खूण केली.

वळणावर चर्च आलं, मग दफनभूमीची भिंत. रस्त्याने जाताना नेहमी ती भिंतच दिसायची. आज आतलं दिसलं. तिसऱ्या रांगेतला नवा पांढरा क्रूससुद्धा.

शेजारची सीट रिकामी होती. खड्ड्यातून ट्रक गेला की स्टिअरिंग थरथरायचं. फेलिशियाने मीटरकडे बघितलं, मग त्या सीटकडे.

"बघ," ती म्हणाली. "एकही वाढला नाही."